गुणांची मोजमापे आणि विद्यापीठाचे प्रवेशद्वार

मुंबईतील एकाच रस्त्यावरच्या दोन शाळांत शिकणाऱ्या दोन मुलांच्या गुणपत्रिकांवर एकाच विषयापुढे '१' हा आकडा छापलेला असावा, आणि तो पाहून एका घरी पेढे वाटले जावेत तर दुसऱ्या घरी चिंता पसरावी, हे पूर्णपणे संभवनीय आहे. कारण आयसीएसई व आयएससी या परीक्षा घेणाऱ्या मंडळाच्या श्रेणींत १ ही सर्वोच्च व ९ ही सर्वांत खालची श्रेणी, तर जिनिव्हा येथे १९६८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेच्या मापात १ हा सर्वांत कनिष्ठ आणि ७ हा सर्वश्रेष्ठ अंक होय. जर्मनीच्या शाळेतही १ हाच अव्वल दर्जा. त्याच्या शेजारच्या नेदरलँड्समध्ये मात्र एकपासून दहापर्यंत चढत जाणाऱ्या मोजणीत तोच अंक तळाशी बसतो. विद्यापीठाकडे अर्ज करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी सर्वप्रथम ध्यानी घ्यावयाचे ते हे, की गुणांचा आकडा त्याच्या मापासह वाचला तरच त्याला अर्थ प्राप्त होतो.

कोणतेही माप समजून घेण्यासाठी तीन प्रश्न विचारणे अवश्य आहे : त्याची कमाल मर्यादा कोणती, उत्तीर्णतेची रेषा कोठे आखलेली आहे, आणि या दोहोंच्या दरम्यान विद्यार्थ्यांची दाटी कोणत्या ठिकाणी होते. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेत शंभरांपैकी ३५ गुणांना उत्तीर्णता, ४५ ला द्वितीय श्रेणी, ६० ला प्रथम श्रेणी आणि ७५ ला विशेष प्राविण्य, ही पायरीपायरीची रचना घराघरांत ठाऊक आहे. फ्रान्समध्ये गुण विसांपैकी देतात, १० ला विद्यार्थी उत्तीर्ण होतो, आणि शाळेच्या अंतिम परीक्षेत १६ गुणांची सरासरी मिळाली की 'अत्युत्तम' असा शेरा प्रमाणपत्रावर येतो; आपल्याकडच्या नव्वदीपारच्या निकालांना सरावलेल्या पालकाला मात्र तेच सोळा गुण टक्केवारीत ८० भरल्यामुळे बेताचे वाटतील. नेदरलँड्समध्ये साडेपाचांना उत्तीर्ण होणारा विद्यार्थी आठांपर्यंत पोचला तर शिक्षक त्याचे अभिनंदन करतात, कारण नऊ आणि दहा हे अंक तेथे क्वचितच कोणाच्या वाट्याला येतात.

ही तफावत दूर करण्यासाठी जर्मनीत जे सूत्र सर्रास वापरले जाते, ते सुधारित बव्हेरियन सूत्र या नावाने ओळखले जाते. कमाल गुणांतून मिळालेले गुण वजा करावेत, त्या बाकीला कमाल व किमान उत्तीर्ण गुणांमधील अंतराने भागावे, भागाकाराला तिनाने गुणून त्यात एक मिळवावा, म्हणजे जर्मन श्रेणी हाती येते. राज्य मंडळाच्या ८७ गुणांना हे सूत्र लावले, तर बाकी १३, अंतर ६५, आणि उत्तर १.६ येते, जे तेथे उत्तम गणले जाते. परंतु हेच सूत्र नेदरलँड्सच्या दहांपैकी आठांना लावले, तर उत्तर सुमारे २.३ येते, म्हणजे स्वदेशी ज्याची वाहवा होते तो विद्यार्थी या हिशेबात आपल्या ८७ गुणांच्या मागे पडतो. सूत्राला वरच्या व खालच्या दोन मर्यादा तेवढ्या कळतात. त्या दरम्यान परीक्षकांचा हात किती सढळ वा किती आखडता आहे, हे त्याला कळत नाही, आणि म्हणूनच असे रूपांतर अंतिम निवाडा मानणे न्यायाचे ठरत नाही.

हा प्रश्न आपल्या दाराशीही आलेला आहे. मुंबईत अकरावीच्या प्रवेशासाठी भिन्न मंडळांचे विद्यार्थी एकाच यादीत येऊ लागले, तेव्हा राज्य शासनाने २००८ साली गुणांच्या समानीकरणाचे एक सूत्र काढले आणि २००९ साली नव्वद टक्के जागा राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी राखण्याचा आदेश दिला. हे दोन्ही निर्णय उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविले. २०१० साली सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याची तजवीज झाली, तीही उच्च न्यायालयात टिकली नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र ती कायम केली. पुढे २०१९ साली राज्य मंडळाने दहावीच्या भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे वीस गुण काढून टाकले, तेव्हा आदल्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला. एका वर्षात मुलांची बुद्धी घसरली नव्हती, माप बदलले होते. आणि त्या वर्षाच्या गुणपत्रिका पुढे ज्यांच्या हाती पडतील, त्यांनी एवढे तरी जाणले पाहिजे.

केंद्रीय मंडळाची बारावीची श्रेणी तर मुळातच सापेक्ष आहे : विषयात उत्तीर्ण झालेल्यांना गुणानुक्रमे मांडून पहिल्या अष्टमांशाला ए-१, पुढील अष्टमांशाला ए-२, असा क्रम लागतो, त्यामुळे एका विषयात जितक्या गुणांना पहिली श्रेणी मिळते तितक्याच गुणांना दुसऱ्या विषयात दुसरी मिळू शकते. प्रवेश परीक्षांच्या निकालातील पर्सेंटाइल हाही टक्केवारीहून निराळाच पदार्थ. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरांपैकी नव्वद गुण नव्हेत, तर परीक्षार्थींपैकी नव्वद टक्के त्या विद्यार्थ्याच्या बरोबरीने किंवा खाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

तेव्हा अर्जदाराने काय करावे? आपल्या गुणांचे परकीय मापात रूपांतर स्वतःच्या अंदाजाने करू नये. मंडळाने दिलेले गुण मूळ मापातच, कमाल व उत्तीर्ण मर्यादेसह नमूद करावेत, आणि विद्यापीठाने रूपांतर स्पष्टपणे मागितले असेल तरच, त्याने सांगितलेल्या पद्धतीने किंवा त्याला मान्य असलेल्या मूल्यांकन संस्थेकडून ते करून घ्यावे. अमेरिकेतील चार गुणांच्या सरासरीचे कोष्टक कोठे तरी पाहून टक्केवारीला पंचविसांनी भागणे ही तर निव्वळ आत्मवंचना होय, कारण तेथे नव्वदीच्या घरातील गुणांना साधारणतः पूर्ण चार अंक दिले जातात आणि असा भागाकार करणारा विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करून घेतो. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे भारतीय मंडळांसाठी स्वतंत्र अटी प्रसिद्ध करतात. त्या आपल्या मंडळाच्या नावाने शोधून वाचाव्यात, शेजाऱ्याच्या मुलाला कोणत्या गुणांवर प्रवेश मिळाला यावर विसंबू नये.

परंतु सारा भार विद्यार्थ्यावर टाकणे उचित नाही. महानगरांतील संपन्न शाळा आपल्या विद्यार्थ्याच्या अर्जासोबत शाळेचे परिचयपत्र धाडतात, ज्यात गुणपद्धती, उत्तीर्णतेची मर्यादा आणि त्या वर्षीच्या निकालातील गुणांची विभागणी दिलेली असते. जे पत्र वाचून दूरदेशीच्या प्रवेश अधिकाऱ्याला ८२ टक्के मिळविणारी मुलगी आपल्या वर्गात पहिल्या पाचांत आहे हे समजते, ते पत्र तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयातून निघतच नाही. असे पत्र तयार करण्यास एक कागद, कार्यालयाच्या दप्तरातील आकडे आणि प्राचार्यांची सही यांपलीकडे काहीही लागत नाही. वर्षाच्या आरंभी ते एकदा सिद्ध करून मागेल त्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती द्यावे, कारण त्याने कष्टाने मिळविलेल्या गुणांचा खरा अर्थ विद्यापीठापर्यंत पोचविणे हेही अध्यापनाइतकेच शाळेचे कर्तव्य आहे.