पहिल्या तारखेची गोष्ट

परवा रात्री जेवताना आमच्या कन्येने जाहीर केले, "बाबा, बी.ए. झाले की एम.ए.ही मराठीच घेणार. तुमच्यासारखी प्राध्यापक होणार मी."

खरे म्हणजे मराठीच्या प्राध्यापकाला याहून गोड वार्ता कोणती? पण माझा घास हातातच राहिला. सौ.ने आमटीचा डाव पातेल्यात ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांच्या संसारात त्या पाहण्याचा अर्थ मला चांगला कळतो. 'आता बोला!' असा तो अर्थ होता.

मी बोललो नाही. ताक मागितले.

रात्री मात्र झोप येईना. दरवर्षी दोनतीन विद्यार्थी माझ्याकडे येतात आणि विचारतात, "सर, एम.ए. करू का?" मी "अवश्य कर" म्हणतो आणि पाठीवर हात ठेवतो. मग तोच शब्द आपल्या घरात का अडला? दुसऱ्याच्या मुलांना एक सल्ला आणि आपल्या मुलीला दुसरा, हा कुठला न्याय?

प्रश्न तसा साधा आहे. शिक्षकाच्या पगारात घर सुखाने चालते का? पण त्याचे उत्तर देण्याआधी विचारावे लागते, कोणत्या शिक्षकाच्या?

माझे विचाराल, तर चालते. खोटे कशाला बोलू? सातव्या वेतन आयोगाप्रमाणे सहायक प्राध्यापकाचे मूळ वेतनच ५७,७०० रुपयांपासून सुरू होते. वर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता. माझी नोकरी १ नोव्हेंबर २००५ नंतरची असल्यामुळे जुनी पेन्शन माझ्या नशिबी नाही, एवढी एक रुखरुख आहे. पण घराचा हप्ता, वाणी, दूधवाला, मुलीची फी सारे वेळेवर जाते आणि दिवाळीला घरात नवे कापड येते. याहून अधिक मागितले तर लोक मला हसतील.

पण आमच्या स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक तरुण बसतो. तोही एम.ए., तोही सेट उत्तीर्ण. मी शिकवतो तोच अभ्यासक्रम तो शिकवतो, आणि मुलांना विचाराल तर माझ्यापेक्षा बरा शिकवतो. तो तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे जेवढे तास, तेवढे पैसे. सुट्टी आली की कमाई बंद. वर्ष संपले की नेमणूकही संपली. पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. दिवाळीची सुट्टी लागली की आम्ही सगळे खुशीत, आणि हा मनातल्या मनात बुडालेले तास मोजत असतो.

शाळेत तरी काय निराळे आहे? शिक्षणसेवकाची योजना २००० साली आली. पहिली तीन वर्षे पगार नाही, मानधन. ते मानधन प्राथमिक शाळेत ६,००० रुपये होते, ते २०२३ साली १६,००० झाले. माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झाले. वाढले हे खरे. पण पुण्यामुंबईकडे एका खोलीचे भाडे देऊन त्यातले किती उरते, हे वाचकांना मी सांगायला नको.

त्या तरुणाच्या जागी मी नऊ वर्षे बसलो आहे. तासांचे बिल कधी चार महिन्यांनी निघे, कधी सहा. पैसे बुडत नसत, पण ते केव्हा येतील हे ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. एका दिवाळीला बिल भाऊबिजेनंतर आले. त्या भाऊबिजेला बहिणीच्या ओवाळणीत काय घालावे म्हणून मी 'पेपर तपासायचे आहेत' असे सांगून तिच्याकडे गेलोच नाही. ती काही बोलली नाही. तिला कळले होते, हे मला पुढे पुष्कळ वर्षांनी कळले.

अशा वेळी लोक म्हणतात, शिक्षकाने पैशाकडे पाहू नये. पूर्वीची माणसे बघा. मी ती माणसे पाहिली आहेत, म्हणजे पुस्तकांतून. फर्ग्युसन कॉलेज १८८५ साली निघाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सदस्यांनी अल्प वेतनावर वीस वर्षे सेवा करण्याचे व्रत घेतले. गोखल्यांचे वेतन दरमहा ७५ रुपये. त्याग खराच. पण सदस्यांचे वेतन वाढवावे की नाही, त्यांनी बाहेर कमाई करावी की नाही, यावरून त्या थोर माणसांतही कडाक्याचे वाद झाले, आणि १८९० साली टिळक संस्थेतून बाहेर पडले त्यामागे हेही एक कारण होते. देवमाणसांनाही घर होते, एवढाच याचा अर्थ. शिवाय ते व्रत त्यांनी आपखुशीने घेतले होते, आणि ठरलेला पगार त्यांना ठाऊक होता. आपण केलेला त्याग निराळा, आणि आपल्या खिशातून परस्पर काढून घेतलेला त्याग निराळा.

माझ्या अनुभवाने मी एक शिकलो. थोड्या पगारात माणूस सुखी राहू शकतो. बेभरवशाच्या पगारात राहू शकत नाही. थोडा पगार पहिल्या तारखेला आला, तर बायको त्याचे अकरा भाग करते आणि बारावा शिल्लक टाकते. न येणाऱ्या पगाराचे भाग कोण करणार?

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावरून त्या नऊ वर्षांची हिशेबाची वही काढली आणि कन्येच्या हाती दिली. म्हटले, "आधी हे वाच. मग ठरव."

ती बराच वेळ वाचत बसली. मग म्हणाली, "बाबा, या महिन्यात वाण्याची उधारी आहे. आणि खालीच लिहिलंय, 'पुस्तके, ८५ रुपये.' उधारीच्या महिन्यात पुस्तकं घेतलीत तुम्ही?"

मी उगाच चष्मा पुसू लागलो. आतून सौ.चा आवाज आला, "त्या महिन्यात मी माहेराहून तांदूळ आणले होते. ते नाही कुठं लिहिलेलं."

खरेच, ते वहीत कुठे नव्हते. नऊ वर्षे मी स्वतःला ध्येयवादी समजत होतो, आणि त्या ध्येयाचा निम्मा खर्च दुसऱ्याच कुणाच्या खात्यावर पडत होता.

कन्येने वही मिटली. "मी एम.ए. करणारच आहे," ती म्हणाली.

यावर निकाल दिला तो तिच्या आईने. "कर. सेटचा अभ्यास आतापासून लाव. तासांवर दोन वर्षं काढ, आम्ही आहोत. तिसऱ्या वर्षी मात्र दुसरी नोकरी बघायची, आणि त्यात लाज वाटून घ्यायची नाही."

मराठीचा प्राध्यापक असून मला इतके नेमके वाक्य सुचले नव्हते. यापुढे माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना मी तेच सांगणार आहे.

आणि यंदा भाऊबिजेला मी बहिणीकडे सकाळीच जाणार आहे. शेजारच्या खुर्चीवरच्या त्या तरुणाला पाडव्याला सहकुटुंब जेवायला बोलावले आहे. त्याचे बिल अजून निघालेले नाही.