Explained : शिक्षेची तरतूद नाही, तरी विधवा प्रथाबंदीचा ठराव महत्त्वाचा का?

पतीच्या निधनानंतर पत्नीचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं कोणत्याही कायद्यात लिहिलेलं नाही. तरीही पिढ्यानपिढ्या ते घडत आलं आहे.

हेरवाडने काय केलं?
कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड (ता. शिरोळ) ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. दोन दिवसांनी राजर्षी शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी होती. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचं अनुकरण करण्याचं आवाहन केलं.

प्रथा टिकते कशी?
घरातल्या अनेकांना ती पटत नसते. पण ‘लोक काय म्हणतील’ म्हणून प्रत्येक जण गप्प बसतो आणि हे गप्प बसणंच इतरांना होकार वाटतं. दुःखात बुडालेली बाई त्या क्षणी विरोध करू शकत नाही.

ठरावाने काय बदलतं?
गावाचं मत सर्वांसमोर येतं. बांगड्या फोडायला नकार देणारं घर एकटं पडत नाही.

मर्यादा काय?
परिपत्रकाचा भर जनजागृतीवर आहे. विधवांच्या पुनर्विवाहाला १८५६ मध्येच कायद्याने मान्यता मिळाली, पण मंगलकार्यात त्यांना दूर ठेवणं थांबलं नाही. त्यामुळे ठराव झालेल्या गावातही पुढच्या संक्रांतीला हळदी-कुंकवाचं बोलावणं त्यांच्या घरी जातं का, हे पाहावं लागेल.