पेशी फोडायलाही साबणच लागतो, पण चुकीचा निवडला तर सगळा प्रयोग वाया!

तेलकट कढई नुसत्या पाण्याने निघत नाही, साबण लागतोच. लॅबमध्ये पेशी फोडतानाही हाच नियम चालतो.

पेशीचं बाहेरचं आवरण चरबीसारख्या रेणूंच्या दोन थरांचं असतं. आतली प्रथिनं अभ्यासायची तर ते फोडावं लागतं. त्यासाठी वापरतात डिटर्जंट. त्याच्या रेणूचं डोकं पाण्याकडे ओढलं जातं आणि शेपटी तेलाकडे. या शेपट्या आवरणात घुसतात, आवरण विस्कटतं आणि आतला माल पाण्यात येतो.

मग कुठलाही डिटर्जंट चालेल का? अजिबात नाही.

एसडीएस : सगळ्यात कडक

टूथपेस्टच्या मागे ‘सोडियम लॉरिल सल्फेट’ लिहिलेलं असतं ना? तेच हे. ते आवरण तर फोडतंच, पण प्रथिनांच्या घड्याही उलगडून टाकतं. प्रथिनांचा आकार फक्त जेलवर मोजायचा असेल, तर हे फायद्याचं. १९७० मध्ये उलरिख लेमली यांनी सुधारलेली ही पद्धत जगभरच्या लॅबमध्ये आजही वापरली जाते.

पण दोन प्रथिनं एकमेकांना चिकटतात का, हे बघायचं असेल तर? एसडीएस ती जोडी सहसा तोडून टाकतं. मग संशोधकाला वाटतं, यांचा काही संबंधच नाही. प्रयोग व्यवस्थित पार पडतो, पण उत्तर चुकतं.

ट्रायटन एक्स-१०० : मवाळ गडी

याच्या रेणूवर विद्युतभार नसतो. साधारण १ टक्का द्रावणात पेशी फुटते आणि बऱ्याच प्रथिनांचा आकार आणि काम टिकून राहतं. अडचण अशी की, नंतर ते काढून टाकणं अवघड जातं आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीसारख्या तपासणीत ते लुडबुड करतं.

दुसरी अडचण पर्यावरणाची. ते विघटित झाल्यावर तयार होणारं ऑक्टिलफिनॉल इस्ट्रोजेन हार्मोनची नक्कल करतं. त्यामुळे ४ जानेवारी २०२१ नंतर युरोपियन युनियनमध्ये त्याच्या वापराला खास परवानगी लागते. छोट्या प्रमाणातल्या संशोधनाला मात्र सूट आहे.

डिजिटोनिन : नेमकं भोक पाडणारं

फॉक्सग्लोव्ह या वनस्पतीतून मिळणारं हे रसायन कोलेस्टेरॉलला धरतं. पेशीच्या बाहेरच्या आवरणात कोलेस्टेरॉल भरपूर, मायटोकॉन्ड्रियात अगदी कमी. म्हणून बेताच्या मात्रेत बाहेरच्या आवरणाला भोकं पडतात आणि मायटोकॉन्ड्रिया शाबूत राहतात.

डिटर्जंट बरोबर निवडला, म्हणजे झालं?

अजून नाही. पेशी फुटली की प्रथिनं कापणारी एन्झाइम्सही मोकळी सुटतात. म्हणून काम शक्यतो बर्फावर करतात आणि त्या एन्झाइम्सना रोखणारी रसायनं आधीच मिसळतात. वनस्पती आणि बऱ्याच जिवाणूंच्या पेशींना वरून जाड भिंतही असते. तिथे एकटा डिटर्जंट पुरत नाही, आधी ती भिंत तोडावी लागते.

अनेक औषधं पेशीच्या आवरणातल्या प्रथिनांवरच काम करतात. ती प्रथिनं बाहेर काढतानाच बिघडली, तर पुढचा अभ्यास बिघडलेल्या प्रथिनाचा होतो. म्हणून बाटली उचलण्याआधी संशोधक ठरवतात, प्रथिन फक्त मोजायचंय की काम करताना बघायचंय?