राणी बुडिका आणि रोमची वसुली

दोन हजार वर्षांपूर्वी इंग्लंडात इंग्रज नव्हते. ऐकून नवल वाटेल, पण गोष्ट खरी आहे. इंग्रजांचे पूर्वज तिथे पुष्कळ मागाहून आले. त्याआधी त्या बेटाला ब्रिटन म्हणत आणि तिथे केल्ट लोकांच्या टोळ्या राहत. दर टोळीचा मुलूख वेगळा, राजा वेगळा. एकमेकांशी पटायचे नाही. लोक गहू, जव पिकवीत, गुरेमेंढ्या पाळीत. घरे गोल, वर गवताचे छप्पर, मधोमध चूल. लोखंडाचे काम त्यांना चांगले येई.

त्यांच्या पुरोहितांना ड्रुइड म्हणत. न्यायनिवाडा तेच करीत. त्यांची विद्या सगळी तोंडपाठ. कुणाकुणाला ती शिकायला वीस वर्षे लागत. ही विद्या लिहून ठेवू नये, असा त्यांचा नेमच होता. त्यामुळे झाले काय, या लोकांची हकिगत आज आपल्याला कळते ती बहुतेक त्यांच्या शत्रूंच्या लेखणीतून. पुढचे वाचताना एवढे ध्यानात ठेवा.

हे शत्रू म्हणजे इटलीतल्या रोम शहराचे राज्यकर्ते. इ. स. ४३ साली रोमचा बादशहा क्लॉडियस याने ब्रिटनवर फौज पाठवली. तो स्वतः सोळा दिवस तिथे राहून गेला. काही राजे लढले, काहींनी तह केला. तह करणाऱ्यांत पूर्वेकडची इसेनी टोळी होती. तिचा राजा प्रासुतागस. राणीचे नाव बुडिका.

इ. स. ६० च्या सुमारास राजा वारला. राज्य शाबूत राहावे म्हणून त्याने मृत्युपत्र करून ठेवले होते. त्यात वारस म्हणून आपल्या दोन मुलींबरोबर रोमच्या बादशहाचेही नाव घातले होते. त्या वेळी बादशहा नीरो होता. राजाला वाटले, आता तरी घर वाचेल. पण रोमन अधिकाऱ्यांनी सगळेच लुटले. सरदारांच्या वडिलोपार्जित जमिनी काढून घेतल्या. राणीला फटके मारले. मुलींची अब्रू घेतली. त्यातच पैशांचा तगादा! क्लॉडियसने सरदारांना रकमा दिल्या होत्या, त्या परत मागितल्या. रोमच्या एका धनिकाने कर्जे दिली होती, तीही एकदम वसुलीला काढली.

मग राणी उठली. शेजारची त्रिनोवांते टोळीही सामील झाली. तिच्या जमिनीवर पेन्शनीत निघालेले रोमन शिपाई बसवले होते, हे तिचे दुःख. रोमन सुभेदार त्या वेळी दूर पश्चिमेला, एका बेटावर ड्रुइडांचा मोड करण्यात गुंतला होता. राणीच्या लोकांनी कोल्चेस्टर जाळले, लंडन जाळले, व्हेरुलेमियम जाळले. वसुली अधिकारी समुद्रापार पळाला. तीन गावांत मिळून सत्तर हजार माणसे मेली, असे टॅसिटस हा रोमन इतिहासकार सांगतो. आकडा फुगवलेला असावा, असे मला वाटते. पण जे पळू शकले नाहीत, ते म्हातारे आणि बायाही त्यात मेल्या. व्हेरुलेमियम तर ब्रिटन लोकांचेच गाव होते. राणीवर अन्याय झाला खरा, पण हेही सांगितलेच पाहिजे.

शेवटी सुभेदार दहा हजार शिपाई घेऊन उभा ठाकला. राणीकडे माणसे कितीतरी जास्त होती, पण शिस्त नव्हती. लढाई पाहायला बायकामुले गाड्यांत बसून आली होती. गाड्या रानाच्या कडेला ओळीने लावलेल्या. माघार घ्यायची वेळ आली, तेव्हा त्याच गाड्यांनी वाट अडवली. मोठी कत्तल झाली. राणीने विष घेतले, असे टॅसिटस लिहितो.

लढाईपेक्षा पुढचे दिवस वाईट गेले. रोमनांची कोठारे आपल्याला मिळतील, या भरवशावर लोक पेरणी न करताच लढाईला गेले होते. शेते तशीच पडून. उपासमार झाली. वर सुभेदाराचा सूड चालूच. तेव्हा क्लासिसियानस नावाचा नवा वसुली अधिकारी आला. त्याने रोमला कळवले की, हा सुभेदार आहे तोवर भांडण मिटणार नाही. वसुलीच्याच खात्यातला माणूस हे लिहितो, हे विशेष. पुढे सुभेदार बदलला. क्लासिसियानसच्या थडग्यावरचा लेख लंडनात सापडला आहे. तो त्याच्या बायकोने कोरवून घेतला होता.

राणीचे थडगे कुठेच सापडलेले नाही. मात्र लंडन आणि कोल्चेस्टर इथे खोल पाया खणताना कुठे कुठे लाल, भाजलेल्या मातीचा थर लागतो. तो त्या आगीचा.