सही करण्याआधी 'सही'चा अर्थ



आपल्या ग्रुपवर रोज सकाळी मी सामान्य ज्ञानाची एक छोटी माहिती टाकते. बऱ्याच जणी ती गटाच्या बैठकीत वाचूनही दाखवता. मागच्या महिन्यात एक मावशी म्हणाल्या, "पोरी, रोज नद्या आणि राजधान्या सांगतेस, आमच्या वहीतलं काहीतरी सांग की!" म्हणून या वेळी आपल्या गटाच्या पेटीतले आणि वहीतलेच शब्द घेतलेत.

पेटीपासून सुरुवात करू. पेटीला कुलूप असतं. हा शब्द मूळचा अरबी, 'कुफ्ल'. ते उघडायची चावी मात्र पोर्तुगीज भाषेतली. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. पाव, बटाटा हे शब्दही मराठीला त्यांच्याकडूनच मिळाले. म्हणजे बघा, कुलूप अरबी, चावी पोर्तुगीज आणि आतला पैसा आपल्या कष्टाचा!

हप्ता. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात. संस्कृत 'सप्त' आणि हा 'हफ्त' एकाच घराण्यातले शब्द. त्यामुळे 'हप्ता' म्हणजे मुळात सात दिवस. हिंदीत आजही आठवड्याला हफ्ताच म्हणतात. आपण मात्र महिन्याने भरतो त्यालाही हप्ताच म्हणतो. आणि गंमत म्हणजे आपल्या 'आठवडा' शब्दात आठ लपलेत. या बाजारापासून पुढच्या बाजारापर्यंत दोन्ही दिवस धरून मोजा, आठच भरतात.

जमा, खर्च, वसूल, बाकी, रक्कम. हे सगळे मूळचे अरबी, फारसीच्या वाटेनं मराठीत आलेले. 'जमा' म्हणजे एकत्र येणं. आपल्या बैठकीतही आधी बायका जमा होतात, मग पैसे! 'वसूल' म्हणजे पोहोचणं आणि 'बाकी' म्हणजे उरलेलं.

इतके शब्द तिकडचे का? १३४७ मध्ये दख्खनमध्ये बहमनी राज्य सुरू झालं, त्यानंतर निजामशाही, आदिलशाही आली. दरबाराची भाषा फारसी असल्यामुळे हिशेबाचे आणि कागदपत्रांचे शब्दही फारसीच रुळले. शिवाजी महाराजांनी कारभारातल्या अशा शब्दांना संस्कृत पर्याय देणारा 'राज्यव्यवहारकोश' तयार करून घेतला. लोकांना आपल्या भाषेत कारभार कळावा, हा विचार तेव्हाही होता. तरी हिशेबाचे काही शब्द इतके अंगवळणी पडले होते की ते राहिलेच.

व्याज. हा संस्कृत शब्द. संस्कृतात त्याचा अर्थ बहाणा, कपट असा होतो. म्हणून 'निर्व्याज प्रेम' म्हणजे बिनव्याजी प्रेम नाही बरं का, तर कपट नसलेलं प्रेम!

आता मुख्य शब्द, सही. हा अरबी 'सहीह'वरून आला. अर्थ आहे बरोबर, खरं. म्हणजे कागदाखाली आपण फक्त नाव लिहीत नाही. "वर लिहिलंय ते बरोबर आहे, मला मान्य आहे" असं आपण सांगत असतो.

हे मी मुद्दाम सांगतेय. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी शेजारणीच्या कर्जाच्या कागदावर सही केली. कर्ज गटाबाहेरचं होतं. "साक्षीदार म्हणून कर" एवढंच त्यांना सांगितलेलं. हप्ते थकले तेव्हा वसुलीवाले थेट यांच्याच दारात उभे राहिले. कागदावर 'जामीनदार' लिहिलेलं होतं. ताई मला म्हणाल्या, "मला वाचता येतं गं, पण वाचलं नाही. सगळे थांबले होते, लाज वाटली."

'जामीन' हाही अरबी शब्द, अर्थ हमी घेणारा. साक्षीदार आणि जामीनदार यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. साक्षीदार फक्त सांगतो की सही माझ्यासमोर झाली. जामीनदारावर मात्र, करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर, कर्जदाराइतकीच जबाबदारी येते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ मध्ये तसं म्हटलंय.

आणि ज्या ताई अंगठा लावतात त्यांनी असं समजू नये, की अंगठ्याला किंमत नाही. लिहिता न येणाऱ्या माणसाचा अंगठा कायद्यानं सहीच धरतात. म्हणून कागद वाचून दाखवा म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

पुढच्या वेळी पेन हातात घेण्याआधी एवढं विचारा:

१. हा कागद कशाचा आहे?
२. माझं नाव कुठे आणि काय म्हणून लिहिलंय?
३. रक्कम, व्याज आणि हप्ते किती?
४. कोरी जागा राहिलीय का? असेल तर भरल्याशिवाय सही नाही.
५. मला याची प्रत कधी मिळेल?

कोणी घाई केली तर सरळ म्हणा, "घरी नेऊन वाचते, उद्या देते." यात लाज कसली? वाचून केलेलीच सही 'सही' असते.

पुढच्या बैठकीत तुमच्या वहीतला एक शब्द निवडा आणि मला पाठवा. ग्रुपवर त्याची माहिती नक्की टाकेन.

– तुमची क्षेत्र समन्वयक