खेळाडूची स्मृति : नेव्हिल डिसूझा

कवि गेला तरी त्याचें काव्य मागें राहतें. खेळाडूचा खेळ मात्र शेवटची शिटी वाजतांच संपतो. मग खेळाडू मागें उरतो तो कशानें? मुंबईचे नेव्हिल डिसूझा यांचें उदाहरण घेऊं.

१ डिसेंबर १९५६ रोजीं मेलबर्न येथील ऑलिंपिक सामन्यांत भारतानें ऑस्ट्रेलियावर ४-२ असा जय मिळविला. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल यांचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें असा पराक्रम करणारे ते पहिलेच आशियाई खेळाडू होत. पुढें युगोस्लाव्हियाविरुद्ध उपांत्य सामन्यांतहि पहिला गोल त्यांनींच केला. पण भारत ४-१ असा हरला, व अखेर त्यास चवथ्या स्थानावर समाधान मानावें लागलें. हातीं पदक आलें नाहीं.

१९८० सालीं नेव्हिल निवर्तले. तथापि जाणते फुटबॉलप्रेमी आजहि त्यांचें नांव आदरानें घेतात. कारण पाहणाऱ्यांनीं तें न पाहिलेल्यांस सांगितलें. खेळाडूचें खरें स्मारक हेंच. सांगणारे थांबले कीं तें ढासळतें. म्हणून धरमपेठेंतील आमच्या विद्यार्थ्यांस आम्ही एवढेंच सुचवितों : घरांतील वडीलधाऱ्यांस त्यांच्या आवडत्या खेळाडूविषयीं विचारा, आणि ऐकलेलें धाकट्यांस सांगा.