कागदाच्या आधीचा हक्क

२००६ च्या वनहक्क कायद्याचे पूर्ण नाव एका दमात म्हणता येत नाही: अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम. रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरच्या ठाकूरवाड्या आणि कातकरवाड्यांत त्याला नुसते ‘वनहक्क’ म्हणतात. पण कायद्याचा जीव कंसातल्या ‘मान्यता’ या शब्दात आहे. सरकार आदिवासींना जमीन देते, असे हा शब्द म्हणत नाही. कसणाऱ्याचा हक्क आधीपासून होताच. इंग्रजांच्या काळात आणि स्वातंत्र्यानंतरही जंगलाच्या हद्दी आखताना तो नोंदवला गेला नाही. हा ऐतिहासिक अन्याय होता, असे कायद्याची प्रस्तावनाच सांगते.

इंग्रजी कायद्यात या जागी ‘रेकग्निशन’ आहे. त्याचे मूळ लॅटिन क्रियापदात आहे: ‘रे’ म्हणजे पुन्हा आणि ‘कॉग्नोस्केरे’ म्हणजे जाणणे. त्यातला ‘ग्नो’ आणि संस्कृतातला ‘ज्ञा’ हे एकाच प्राचीन धातूचे वंशज. म्हणजे ‘अभिज्ञान’ आणि ‘प्रत्यभिज्ञा’ हे शब्द रेकग्निशनचे अगदी जवळचे आप्त ठरतात. मराठीने मात्र हा अर्थ दोन घरांत वाटून घेतला. ‘ओळख’ ही ‘लक्ष’ धातूच्या कुळातली, पाहण्याशी नाते सांगणारी. ‘मान्यता’ आली ‘मन्’ धातूपासून, मनाने स्वीकारण्यातून. एखाद्याला रोज पाहावे, नावानिशी ओळखावे आणि तरीही त्याचा हक्क मानू नये, हे घडू शकते. कर्जत-खालापुरात ते पिढ्यान् पिढ्या घडले.

बाराव्या शतकात, दुसऱ्या हेन्रीच्या काळात, इंग्लंडमध्ये ‘रेकग्निशन’ हा शब्द न्यायालयात रुळला. जमिनीचा तंटा झाला की आसपासचे बारा जण बोलावून शपथेवर विचारत, ही जमीन खरोखर कोणाच्या ताब्यात होती? त्या चौकशीलाच ‘रेकग्निशन’ म्हणत. पुरावा होती शेजाऱ्यांची माहिती.

आठशे वर्षांनंतरच्या आपल्या कायद्यातही अशा माहितीला जागा शिल्लक आहे. वनहक्क नियमांतल्या तेराव्या नियमात पुराव्यांची यादी आहे. सरकारी कागदांबरोबर तिथे घर, विहीर, बांध, दफनभूमी, देवस्थान अशा खुणा चालतात, आणि दावेदाराखेरीज गावातल्या इतर वृद्धांचा लेखी जबाबही. दावा आधी ग्रामसभेपुढे येतो. तिची दहा ते पंधरा जणांची वनहक्क समिती प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळणी करते. मग तो उपविभागीय आणि शेवटी जिल्हास्तरीय समितीकडे जातो. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा असावा लागतो आणि कसण्याच्या जमिनीला चार हेक्टरची कमाल मर्यादा आहे. डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकवण्यासाठी पूर्वी दिलेल्या ‘दळी’ जमिनी रायगडात आहेत. जुने पट्टे आणि भाडेपट्टे मालकीत बदलून घेण्याचा हक्कही याच कायद्यात असल्याने दळीदारांसाठी तो फार मोलाचा आहे.

अडचण कातकऱ्यांची जास्त. खैराच्या गाभ्यापासून काथ काढणारे ते कातकरी. जंगल राखीव झाले, काथाचा धंदा गेला, नाव तेवढे उरले. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. मोजणी, शिबिर, ग्रामसभा त्याच महिन्यांत झाली तर घराला कुलूप आणि यादीत नाव नाही. अनेक वाड्या दुसऱ्याच्या खासगी जमिनीवर आहेत. तिथे वनहक्क कायदा लागूच होत नाही. जमीन विकली गेली, फार्महाऊसचे कुंपण आले, की तीन पिढ्यांचे घर ‘अतिक्रमण’ ठरू शकते. अशा वस्तीला गावठाणात घेण्याचा अधिकार महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ ने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे.

जातीच्या दाखल्याचीही तीच कथा. अनुसूचित जमातीसाठी महाराष्ट्रात ६ सप्टेंबर १९५० ही तारीख धरली जाते. त्याआधीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. ज्यांच्या आजोबांचे नाव ना शाळेच्या पटावर, ना सातबाऱ्यावर, त्यांनी तो कुठून आणावा? कालिदासाच्या नाटकाचे नावच ‘अभिज्ञानशाकुन्तलम्’ आहे. शकुंतला समोर उभी असूनही शापामुळे दुष्यंताला अंगठीवाचून ओळख पटत नाही. कातकऱ्यांपुढेही खुणेचीच अट आहे, आणि त्यांच्यावर शापही नव्हता. त्यांची नोंद ठेवणे कोणाला गरजेचे वाटले नाही, एवढेच.

नोंद नसण्याची किंमत खालापूर तालुक्याने १९ जुलै २०२३ च्या रात्री पाहिली. इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह सापडले, सत्तावन्न माणसे बेपत्ता राहिली आणि चार दिवसांनी शोध थांबवला गेला. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने विधिमंडळात सांगितले. डोंगराखाली राहणाऱ्यांना डोंगर ठाऊक असतो. यादी करणाऱ्यांना ती वाडीही ठाऊक असायला हवी होती.

महाराष्ट्रातल्या विशेष असुरक्षित आदिवासी गटांत कोलाम आणि माडिया गोंडांबरोबर कातकरी येतात. अशा गटांसाठी वनहक्क कायद्याच्या कलम ३(१)(ङ) मध्ये ‘अधिवास हक्क’ आहे. एका कुटुंबाचा प्लॉट मोजून तो भागत नाही. जमातीचा सारा वावर त्यात येतो: मासे-खेकडे धरण्याच्या जागा, कंदमुळांचे डोंगर, देवाच्या जागा, जुन्या वाड्यांच्या खुणा. छत्तीसगडात २०२३ मध्ये कमार आणि बैगा जमातींना असे हक्क मिळाले. कर्जत-खालापुरात त्याची सुरुवात म्हाताऱ्याकोताऱ्यांसोबत उल्हास आणि पाताळगंगेच्या काठाने चालत, प्रत्येक डोहाचे नाव विचारून करता येईल. ही नावे सांगणारी पिढी थकत चालली आहे, तेव्हा हे काम येत्या एक-दोन वर्षांतच, कुटुंबे भट्टीवरून परतल्यावर, व्हायला हवे.